न तपासलेली गाडी

गाडीचा एसी बंद पडला म्हणून आनंद झालेली मी जगात एकटीच असेन. पण झाला, आता लपवून काय करू? दादाने बटण फिरवलं, समोरच्या जाळीतून इस्त्रीच्या दुकानात येते तशी गरम हवा आली, आईने रुमाल तोंडाशी धरला, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता बारक्याला बोलवावंच लागेल.

बारक्या म्हणजे आमचा सगळ्यात धाकटा भाऊ. लहानपणी काडीसारखा होता म्हणून पडलेलं नाव आता त्याच्या पोटाकडे बघून कुणालाही खोटं वाटेल, पण आमच्याकडे एकदा चिकटलेलं सुटत नाही. त्याचं गॅरेज आहे, आणि तिथे तो गाड्यांच्या एसीशिवाय दुसरं काहीच करत नाही. टायर बदलायला आलात तरी हाकलून देतो. उन्हाळ्यात त्याच्या दारात गाड्यांची रांग इतकी लांब जाते, की शेजारचा फर्निचरवाला रोज भांडायला येतो.

हे सगळं त्याला शिकवलं दादाने. दादा पंपांच्या कारखान्यात जन्मभर फिटर होता. बाबा लवकर गेले, तेव्हा घर दादाच्या पगारावर आणि दादाच्या हातांवर चाललं. पंखा, मिक्सर, फ्रिज, आईचं शिलाई मशीन, काही म्हणजे काही त्याने कधी बाहेर दुरुस्तीला दिलं नाही. तो जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसायचा आणि बारक्या त्याच्याशेजारी विजेरी धरून. "उजेड हातावर नको, कामावर पाड," असं ओरडत ओरडत दादाने त्याला माणूस केला. आणि एक वाक्य तर मलासुद्धा पाठ होतं, कारण ते स्वयंपाकघरातही ऐकू यायचं: "गळती बुजवायची नसते, शोधायची असते."

तर असे हे गुरू-शिष्य, आणि यांचं येणं-जाणं बंद. भांडण झालं असतं तर बरं होतं. भांडण मिटवता येतं. यांचं भांडणच नव्हतं. दादा रिटायर झाला, तेव्हा बारक्या म्हणाला, "दादा, उद्यापासून गॅरेजवर ये. बसल्या बसल्या नळ्या पुसशील." आपल्या दोन कामगारांसमोर म्हणाला, हसत म्हणाला. त्याला म्हणायचं होतं, तू ये, मला तुझी सवय आहे. दादाला ऐकू आलं, की आता तू माझ्या हाताखाली नळ्या पुसायच्या. दादाही हसला, चहा प्यायला, घरी आला, आणि त्यानंतर त्याने त्या रस्त्याने जाणंच सोडलं. बारक्याला वाटलं, आपण एवढं बोलावलं आणि याने ढुंकून पाहिलं नाही. मग तो आईला भेटायला येऊ लागला तो दादाची फिरायला जायची वेळ बघून. दोघांपैकी कुणालाही विचारा, "आमचं कुठे काय आहे?" असंच उत्तर. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, अशी माणसं. आई दादाकडे असते, माझं घर दोन गल्ल्या सोडून. शाळेची प्रयोगशाळा सांभाळते मी, त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी मोकळी. त्या सुट्टीत मला एकच गोष्ट हवी होती. आई आहे तोवर या दोघांनी एकमेकांच्या घरी राजरोस जावं.

आईला दम्याचा त्रास आणि उकाडा तिला अजिबात सोसत नाही. दर आठवड्याला तिला तपासणीला गावाच्या पार दुसऱ्या टोकाला न्यावं लागायचं. एसी बंद पडल्यावर वहिनी म्हणाली, सरळ टॅक्सी करू. आई म्हणाली, "दारात गाडी असताना? लोक काय म्हणतील!" मग दादा म्हणाला, एखाद्या गॅरेजमध्ये टाकतो. तेव्हा आईने जे सांगितलं ते ऐकून मी मनात तिला शाबासकी दिली.

"घरात मेकॅनिक असताना ही गाडी परक्याकडे गेली, तर मी तिच्यात पाय ठेवणार नाही."

आता झाली पंचाईत. परक्याकडे न्यायची नाही, बारक्याकडे तर नेणारच नाही. दादाने चष्मा पुसला आणि म्हणाला, "त्यात काय मोठंसं? मीच करतो. फ्रिज काय आणि एसी काय, गॅस तोच फिरतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीमागच्या सावलीत गाडीचं बॉनेट उघडलं. दादाने जुनी पँट घातली, हत्यारांची पेटी आणली, आणि चष्मा शोधायला लागला. तो कपाळावर होता. मी हसले, तर म्हणाला, "तू आत जा, तुझी सावली पडते." मी काही गेले नाही. त्याने गाडी चालू केली. बॉनेटखालून टक असा आवाज आला, थोड्या वेळाने पुन्हा टक. दादाने मला समजावलं, की तो कॉम्प्रेसर आहे. गॅस कमी झाला की तो सुरू होतो आणि लगेच बंद पडतो, तसाच चालू-बंद, चालू-बंद करत राहतो. म्हणजे कुठूनतरी गॅस गळतोय. निदान अगदी बरोबर होतं, हे मला आवर्जून सांगायचंय. दादाची विद्या कुठे गेली नव्हती.

गेली होती नजर. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं तो पुढे ढकलत होता. त्याने साबणाचं पाणी केलं आणि ब्रशने एकेका जोडावर लावत गेला. जिथून गॅस निघत असेल तिथे बुडबुडा फुगतो. सगळा सकाळचा वेळ तो त्या नळ्यांवर वाकून होता. बुडबुडा काही दिसला नाही. दिसला नाही की नव्हता, हे कोण सांगणार? वहिनी खिडकीतून म्हणाली, "गाडी धुऊन झाली असेल तर जेवायला या." दादा रागाने आत आला आणि मुकाट्याने जेवला.

दुपारनंतर त्याने सुट्या भागांच्या दुकानातून गॅसचा डबा आणला, नळी आणि दाब दाखवणारा छोटा काटा जोडलेला. घरच्या घरी गॅस भरायचे असे डबे मिळतात. भरला, आणि एसी गार झाला! आई दुसऱ्या दिवशी तपासणीला जाताना राणीसारखी बसली. पण त्या आठवड्यातच पुन्हा गरम हवा. गळती तशीच असल्यावर गॅस टिकणार कसा? पालथ्या घड्यावर पाणी.

मग दादा परत दुकानात गेला आणि दुसरा डबा घेऊन आला. पिशवीतून काढताना मला म्हणाला, "आत जा, ऊन लागेल." त्या वेळी तिथे ऊन नव्हतं, सावलीच होती, पण मला वाटलं वैतागलाय, नको त्याच्या तोंडी लागायला. मी आत गेले. त्या डब्यात गॅसबरोबर दुसरं काय होतं, ते मला पुढे कळलं, आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तोही गॅस काही दिवस टिकला. मग एका दुपारी तपासणीहून परतताना सिग्नलला गाडी अडकली, आत भट्टी झाली, आणि आई धापा टाकायला लागली. मी खिडकी उघडून तिला वारा घालत होते. धाप थोडी ओसरली तशी ती म्हणाली, "मला बारक्याच्या गॅरेजात सोडा. तिथे निदान गार तरी असेल."

दादाने सिग्नल सुटताच गाडी घराकडे वळवली. आईला घरी आणून झोपवलं, तिला बरं वाटलं, तेव्हा जिन्यात माझ्याजवळ आला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "तुझ्या त्या भावाला विचार, वेळ आहे का."

तुझ्या त्या भावाला! जसा काही तो मला दुकानात मिळाला होता. पण मी धावत घरी जाऊन फोन केला. बारक्या म्हणाला, "त्याने सांगितलं विचारायला? नक्की त्याने? तू तुझ्या मनाचं नाही ना सांगत?" मी शपथ घेतली. तो म्हणाला, "मग गाडी आणायची नाही. मीच येतो. रविवारी गॅरेज बंद ठेवतो." भर उन्हाळ्यात तो गॅरेज बंद ठेवणार होता. फर्निचरवाल्यालाही धक्का बसला असेल.

रविवारी त्याची व्हॅन आली आणि तिच्यातून त्याने ते मशीन उतरवलं. कपाटाएवढं, चाकांचं, पुढे दोन जाड नळ्या, एक लाल एक निळी. नवंकोरं होतं. मला म्हणाला, "ताई, हे गाडीतला जुना गॅस ओढून घेतं, गाळतं, स्वतःच्या टाकीत ठेवतं, आणि मग मापाने परत भरतं. याच्यावर माझा उन्हाळा चालतो." मुलाचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसं दाखवत होता. दादा जिन्याच्या पायरीवर उभा होता. बारक्याने वर पाहिलं. "काय दादा." "काय रे." एवढंच. मी वहिनीकडे पाहिलं, वहिनी चहाचं निमित्त करून आत पळाली.

बारक्याने पेटी उघडली आणि सवयीने त्यातून एक लहानसं यंत्र काढलं, बोटभर नळी आणि मधे चाळणीचं टोपण. ते हातात घेऊन त्याने बॉनेट उघडलं आणि सहज विचारलं, "दादा, यात गळतीचं औषध वगैरे तर नाही ना घातलंस?"

"मी?" दादा हसला. "मी घालीन? तुला शिकवलं कुणी?"

बारक्या एकदम ओशाळला. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला, लहानपणी व्हायचा तसा. "हो, ते पण आहे," म्हणाला आणि ते यंत्र परत पेटीत टाकलं.

माझं तोंड गप्प बसत नाही. मी विचारलं, "ते काय होतं?"

"गळती बुजवायचं औषध मिळतं ताई, डब्यात गॅसबरोबर. लोक घरी भरतात. गाडीत असतं तोवर पातळ, पण हवा आणि ओल लागली की त्याचा डिंक होतो. माझ्या मशीनने तसला गॅस ओढला की मशीन संपलं. म्हणून आधी चिमूटभर गॅस या चाळणीतून सोडून बघायचा. चाळणी तुंबली तर त्या गाडीला आम्ही हातच लावत नाही. गिऱ्हाइकाला विचारलं तर प्रत्येक जण नाहीच म्हणतो. म्हणून येईल ती गाडी तपासायची, मग ती कुणाची का असेना."

"मग लाव की."

"दादाच्या गाडीला?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी लाजिरवाणं बोलून गेले होते. "दादा नाही म्हणाला ना."

दादा तेव्हा चष्मा पुसत होता. बराच वेळ पुसत होता. मला वाटलं, भरून आलंय त्याला. मलाच भरून आलं होतं, मग दुसऱ्यालाही तसंच झालंय असं वाटतं.

मशीन सुरू झालं. घरघर करत ते गाडीतला उरलासुरला गॅस ओढू लागलं, आणि ती दुपार सुरू झाली. इतकी चांगली दुपार आमच्या घरात कित्येक वर्षांत झाली नव्हती. गॅस काढून झाल्यावर बारक्या गाडीखाली सरपटत गेला, म्हणजे जेवढं पोट जाऊ देईल तेवढा गेला, आणि ओरडला, "विजेरी!" दादाने विजेरी घेतली आणि वाकला. थोड्या वेळाने खालून आवाज आला, "उजेड हातावर नको, कामावर पाड!" मग दादा असा हसला की त्याला ठसका लागला. बारक्याही खाली पडल्या पडल्या हसत होता, त्याचे फक्त हलणारे पाय दिसत होते.

गळती सापडली. कॉम्प्रेसरच्या मागच्या बाजूला, नळीच्या जोडात, एक रबरी रिंग सुकून भेगाळली होती. करंगळीत मावेल एवढी. जोडाखाली तेलकट धूळ बसली होती, तीच खूण. समोरून बघणाऱ्याला चांगल्या डोळ्यांनीही दिसली नसती, असं बारक्या म्हणाला. ती सुकलेली रिंग त्याने दादाच्या तळहातावर ठेवली. दादा तिच्याकडे बघत राहिला.

"बारक्या," तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही. नवी रिंग नीट बसव."

मशीन पुन्हा जोडलं, आतली हवा ओढून काढायला. तेव्हा दादा पुन्हा त्याच्याजवळ गेला. "अरे, हे मशीन..." बारक्या काट्याकडे बघत होता. "मशीनचं काय?" "चांगलं आहे," दादा म्हणाला. आज ते आठवलं की माझा जीव तुटतो. शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला होता. मशीन समोर घरघरत होतं, ते बंद करायला एक बटण पुरलं असतं. पण मी तेव्हा खुर्ची आणायला गेले होते आईसाठी, आणि माझ्या डोक्यात दुसरा विचारच नव्हता. भाऊ भावाशी बोलतोय, एवढंच मला दिसत होतं.

गॅस भरला. आईला गाडीत बसवलं. तिने जाळीसमोर हात धरला, मग दोन्ही हात, मग म्हणाली, "शाल आणा गं कुणीतरी." आम्ही सगळे हसलो. तिने बारक्याला एका बाजूला बसवलं, दादाला दुसऱ्या बाजूला, आणि दारं लावून घेतली. वहिनी आणि मी काचेतून बघत होतो. तिघंही समोर बघत बसली होती, गाडी तर जागची हललीही नव्हती.

जाताना बारक्या म्हणाला, "दादा, ये की गॅरेजवर. नळ्या पुसायला नाही रे. नुसता ये."

"येतो," दादा म्हणाला.

त्या आठवड्यात एका सकाळी बारक्याचा फोन आला. त्याचा आवाज इतका हळू होता, की मला वाटलं त्याच्या घरी कुणाचं काहीतरी झालं.

"ताई, मशीन बंद पडलं."

"मग दुरुस्त करून घे ना."

"उघडलं मी. आतल्या झडपा तुंबल्यात. डिंक झालाय सगळा." पलीकडून पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. "मी येईल ती गाडी तपासतो, ताई. या मशीनला लावलेली प्रत्येक गाडी तपासलेली आहे. एकच नाही."

तो पुढे म्हणाला, "तू त्याला काही विचारू नकोस. तो येतो म्हणालाय. आला तर बघू." आणि फोन ठेवला.

मी कुठली गप्प बसतेय! तशीच उठून दादाकडे गेले आणि वहिनीसमोर सांगितलं, की बारक्याचं मशीन डिंकाने तुंबलंय. दादाने हातातला पेला खाली ठेवला. काही विचारलं नाही, आश्चर्य दाखवलं नाही, त्यावरून मला जे कळायचं ते कळलं. तो आत गेला, शर्ट बदलून आला आणि म्हणाला, "चल."

रिटायर झाल्यापासून त्या गॅरेजात पाऊल न टाकलेला माणूस, अशा कामासाठी तिथे निघाला.

दारात गाड्यांची रांग होती आणि कुणी कुणाला ओरडत नव्हतं, कारण कामच चाललं नव्हतं. आतल्या बाकावर वर्तमानपत्र पसरून बारक्याने मशीनचे भाग मांडले होते, अगदी दादा मांडायचा तसे, काढलेल्या क्रमाने. मधल्या नळीत पिवळट, घट्ट, चिकट काहीतरी भरलं होतं. दादाने तिथेच उभं राहून ते नीट पाहिलं. चष्मा वर करून, जवळ वाकून.

"चहा घेणार?" बारक्याने विचारलं.

"घातलं होतं मी," दादा म्हणाला.

"माहितीये."

"मला गळती सापडेना रे. साबण लावला, पुन्हा लावला, काही दिसेना. दुकानदार म्हणाला हे घाला. घातलं. आणि तू तिथे उभा राहून मला विचारलंस..." त्याने चष्मा काढून हातात घेतला. "जन्मभर तुला जे नको म्हणून ओरडलो तेच मी केलं, हे तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

मला वाटलं, आता बारक्या चिडेल. चिडायलाच हवं होतं. माझी तर इच्छा होती, की त्याने एखादा पाना भिंतीवर फेकून मारावा, चार शिव्या द्याव्यात, रडावं. मग दादाही रडला असता, मीही, आणि निचरा झाला असता. पण तो नळीतला डिंक एका काडीने खरवडत राहिला.

"सांगितलं असतंस तर मी हसलो असतो," तो म्हणाला. "तेवढंच झालं असतं, दादा. दिवसभर चिडवलं असतं तुला. आईला सांगितलं असतं. पुढच्या वर्षीही चिडवलं असतं."

दादा उभाच होता. बारक्याने त्याला खुर्ची पुढे केली, स्वतःच्या फडक्याने पुसून दिली. अगदी आदराने. तशी खुर्ची तो गिऱ्हाइकांना पुसून देतो.

मशीन दुरुस्तीला गेलं ते उन्हाळा संपत आला तेव्हा परत आलं. तोवर बारक्याने एका दुसऱ्या गॅरेजवाल्याच्या हातापाया पडून त्याचं मशीन संध्याकाळपुरतं वापरलं. निम्मी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. दादाने भरपाई दिली आणि बारक्याने ती घेतली. हे मला सगळ्यात जास्त लागलं. आमचा जुना बारक्या असता तर त्याने पैसे दादाच्या अंगावर फेकले असते, महिनाभर तोंड फिरवलं असतं आणि मग एक दिवस जेवायला आला असता.

आता तो येतो. हेच तर हवं होतं ना मला? तो राजरोस येतो, दादा घरी असताना येतो. दादाही त्याच्या घरी जातो. बारक्या "बस दादा" म्हणतो, पंखा लावतो, डोळ्याच्या ऑपरेशनची चौकशी करतो. दादाने दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन करून घेतलं, लगेचच. गाडीचा एसी असा चालतो की आई शाल घेतल्याशिवाय बसत नाही. ओळखीचे म्हणतात, बरं झालं, शेवटी रक्ताचं नातं आहे. मी मान हलवते. कुणाला काय सांगणार, आपलेच दात आणि आपलेच ओठ.

एकदा मी बारक्याला एकटा गाठून म्हटलं, "अरे, झालं गेलं, सोड ना आता." तो म्हणाला, "मी कुठे काय धरलंय?" आणि खरंच त्याच्या मनात राग नव्हता. मी त्याला लहानपणापासून ओळखते. राग असता तर मला कळला असता.

गेल्या महिन्यात आईला ताप आला. दोन दिवस चढ-उतार चालू होता. मी दादाकडेच होते. दुपारी डॉक्टर येऊन गेले, आईला घाम फुटला, अंग गार लागलं आणि ती शांत झोपली. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत बसलो होतो, वहिनी कपडे वाळत घालत होती. दादाचा फोन वाजला. बारक्या होता.

"उतरला रे ताप," दादा म्हणाला. किती दिवसांनी त्याचा आवाज मोकळा झाला होता. "झोपलीये छान. डॉक्टर म्हणाले काळजी नाही. तू काम टाकून येऊ नकोस, सावकाश ये." तिकडून काहीतरी "बरं, बरं" ऐकू आलं. दादाने फोन टेबलावर ठेवला आणि समाधानाने पाय लांब केले.

मग माझा फोन वाजला. टेबलावर दोघांच्या मधे ठेवलेला होता, आणि त्यावरचं नाव दादाने माझ्याआधी वाचलं. आता त्याची नजर चांगली आहे.

मी उचलला. खोलीत इतकी शांतता होती, की पलीकडचा आवाज दोघांनाही ऐकू आला.

"ताई, दादा म्हणतो आईचा ताप उतरलाय. खरं का गं?"

"हो," मी म्हणाले. "खरंय."

"बरं," बारक्या म्हणाला आणि फोन ठेवला. दादाने पाय जवळ घेतले.